आठ महिने ध्यान करतोय, तरी झोप लागत नाही

पत्र: नमस्कार मॅडम, वय ४४, काम दिवसभर बसून. दोन वर्षांपासून झोपेचा त्रास आहे. आठ महिन्यांपूर्वी ध्यान सुरू केलं, ॲपवर आज सलग २४१ दिवस झाले, एकही चुकवला नाही. रात्री दहाला दिवा बंद करून, इयरफोन लावून गादीवरच ध्यान करतो पण झोप लागेपर्यंत साडेबारा होतात. पहाटे चारला ब्राह्ममुहूर्त म्हणून अलार्म लावून उठतो, परत बसतो, आणि दहा मिनिटांत मान पडते. घड्याळातला स्लीप स्कोअर पन्नासच्या वर जात नाही. दिवसभर चिडचिड होते, परवा मुलीवर विनाकारण ओरडलो, ती रडली, ते मनातून जात नाहीये. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीय, गेले सहा महिने जवळजवळ रोज घेतोय, पण ध्यान करणाऱ्या माणसाला गोळी लागते याची लाज वाटते म्हणून आता बंदच करणार आहे. तीन प्रश्न आहेत. याहून पॉवरफुल ध्यान कोणतं? एक तास योगनिद्रा म्हणजे चार तासांची झोप म्हणतात, ते खरं का? आणि एखादा दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का?

उत्तर:

नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बाजूला फक्त वेळा लिहून काढल्या, साडेबाराला झोप, चारला अलार्म, म्हणजे साडेतीन तास. आठ महिने तुम्ही जेमतेम साडेतीन तास झोपताय आणि मला विचारताय की ध्यान कुठे कमी पडतंय. अहो, ध्यान कुठेच कमी पडत नाहीये, तुमच्या वेळापत्रकात झोपेला जागाच उरलेली नाही. पहाटे मान पडते ती साधना कच्ची आहे म्हणून पडत नाही, शरीराची थकबाकी आहे आणि तुम्ही डोळे मिटून शांत बसलात की ते ती वसूल करायला लागतं. त्याबद्दल स्वतःला बोल लावणं आजपासून बंद करा, हे पहिलं.

गोळीचं लगेच सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही. ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. झोपेच्या बऱ्याच गोळ्या अशा असतात की सवय झाल्यावर अचानक सोडल्या तर झोप आधीपेक्षा जास्त बिघडते, घाबरं होतं, हातपाय थरथरतात, काहींना त्याहून गंभीर त्रास होतो. कमी करायची असेल तर ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तशी हळूहळू. आणि लाज कसली त्यात? गोळी आणि ध्यान यांचं काही भांडण नाहीये. माझ्याकडे येणारे कितीतरी जण दोन्ही करतात, आणि पुढे गोळी कमी होते ती डॉक्टरांच्या सल्ल्याने.

आता ब्राह्ममुहूर्त. याच्यावरून लोक स्वतःला फार छळून घेतात. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं, आणि ब्राह्ममुहूर्त हा रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त, म्हणजे सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. सूर्य सहाला उगवत असेल तर ४ वाजून २४ मिनिटांनी सुरू, पाच-बाराला संपला. घड्याळातले चार आणि ब्राह्ममुहूर्त यांचा तसा काही करार झालेला नाही. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिनचर्येच्या अध्यायाची सुरुवातच या मुहूर्तावर उठायला सांगून होते, आणि तिथे कोणी उठायचं तेही सांगितलंय, ‘स्वस्थ’ माणसाने. स्वस्थ हा शब्द लोक गाळून टाकतात. दोन वर्षं झोप बिघडलेला, चिडलेला, थकलेला माणूस त्या वाक्यात बसत नाही हो, त्याने आधी झोपावं. आणि ज्या काळात हे लिहिलं गेलं तेव्हा अंधार पडल्यावर दिवस संपायचा, साडेबारापर्यंत कुशी बदलत पडलेल्या माणसाला चारला उठवायची ती योजना नव्हती.

गीतेचा सहावा अध्याय ध्यानाचाच आहे ना, तिथे आसन कसं मांडायचं, पाठ-मान-डोकं सरळ कसं धरायचं हे सांगून होतं आणि पुढच्या तीन श्लोकांत विषय येतो तो खाण्याचा आणि झोपेचा. फार झोपणाऱ्याला योग नाही, आणि फार जागणाऱ्यालाही नाही. लोकांना यातलं पहिलं अर्ध बरोबर पाठ असतं, दुसरं मात्र कोणी सांगत नाही. त्याच्या पुढच्या श्लोकात ‘युक्तस्वप्नावबोध’ असा शब्द आहे, ज्याचं झोपणं आणि जागणं दोन्ही प्रमाणात आहे असा. झोप तिथे ध्यानाच्या तयारीचाच भाग आहे, आणि तुम्ही तीच कापून ध्यानाला वेळ काढताय.

मूळ घोळ मात्र रात्रीच्या ध्यानात आहे, तिथे जरा थांबू या.

आपण मराठीत काय म्हणतो बघा. भूक लागते, तहान लागते, झोप लागते. ‘मी झोप करतो’ असं कोणी म्हणत नाही. आणि जुनी माणसं ध्यानाबद्दलही तसंच बोलायची, ‘ध्यान लागलं’, ‘समाधी लागली’. आपण करतो ते फक्त बसणं, लागणं आपल्या हातात नसतं. तुम्ही गेले आठ महिने रोज रात्री दोन न करता येणाऱ्या गोष्टी एकाच वेळी करायला बसताय, त्यातही एक गोष्ट दुसरीच्या मदतीने. ध्यान नीट झालं की झोप लागेल, म्हणून ध्यान नीट होतंय का यावर लक्ष, मग झोप लागतेय का यावर लक्ष, मग किती वाजले. एवढी राखण चालू असताना झोप येणार कुठून, झोपेला तर पहारेकरी आधी जायला हवा असतो.

आणि दोन्हींची दिशा उलट आहे हे लक्षात घ्या. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती, म्हणजे मनाचे पाच व्यापार सांगितलेत, प्रमाण (खरं ज्ञान), विपर्यय (चुकीचं ज्ञान), विकल्प (नुसती कल्पना), निद्रा आणि स्मृती. म्हणजे झोपसुद्धा एक वृत्तीच, आणि योग म्हणजे वृत्तींचा निरोध, त्या थांबणं. ध्यानात जागेपण धारदार होत जातं, झोपेत जागेपण सोडायचं असतं. एकाच उशीवर डोकं ठेवून तुम्ही आधी मनाला सांगता लक्ष दे, भरकटू नको, परत ये, आणि वीस मिनिटांनी त्याच उशीवर सांगता आता सगळं सोड. मन गोंधळणारच. काही जणांना गादीवर पडून ऐकता ऐकता झोप लागते, त्यांचं ठीक आहे, त्यांनी बदलू नये. तुम्हाला आठ महिन्यांत लागली नाही, म्हणजे तुमच्यासाठी हा रस्ता नाही.

ही चूक मी स्वतः करून बसलेय. थेरपी द्यायला लागले त्या पहिल्या काही वर्षांत एक गृहस्थ आले होते, झोप नाही म्हणून, आणि मी त्यांना वीस मिनिटांचं ध्यान चाळीस करायला सांगितलं. तीन आठवड्यांनी आले ते म्हणाले, झोप तर नाहीच, आता ध्यानाला बसायचीपण भीती वाटते. ते वाक्य मला अजून आठवतं. तेव्हापासून मी कोणालाही आधी विचारते की आडवे कधी होता, उठता कधी, आणि अंथरुणात जागे किती वेळ असता. ध्यानाचं नंतर.

अजून एक गोष्ट मी बघते, ती तुम्हाला घरी करून बघता येईल. माणसं शवासनात पडली की मी चेहरा बघत नाही, पावलं बघते. सैल पडलेल्या माणसाची पावलं आपोआप बाहेर कलतात, दोन्ही अंगठे एकमेकांपासून लांब जातात. झोप न लागणाऱ्यांची पावलं सरळ वर उभी असतात, जणू कोणी हाक मारली तर लगेच उठायचंय, आणि अंगठा मधूनच आत ओढला जातो, त्यांना पत्ताही नसतो. मी ‘पाय सैल सोडा’ म्हटलं की ते सैल करायचा प्रयत्न करतात आणि मांडी अजून कडक होते. मग मी उलटं सांगते, पाय मुद्दाम ताठ करा, घोटा, पोटरी, मांडी सगळं आवळा, पाच मोजेपर्यंत धरा, आणि आता धरणं थांबवा. पाऊल एकदम बाजूला पडतं. बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळतं की पाऊल आपण पाडलं नाही, ते पडलं. तुम्ही हे रात्री अंथरुणात करू नका, संध्याकाळी सतरंजीवर करा, पाय, मग हात, मग खांदे, मग चेहरा, एकेक आवळून सोडायचं. झोपेसाठी नाही करायचं. सोडणं कसं असतं हे शरीराला आठवावं म्हणून करायचं.

झोप येते कशी, हेही थोडं सांगते, कारण ते कळलं की अर्धी भीती जाते. शरीरात दोन गोष्टी चालू असतात. एक, जितके तास जागे तितका मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि झोपेचा दाब वाढत जातो, चहा-कॉफीतलं कॅफिन नेमकं हेच सिग्नल अडवतं, आणि घेतल्यावर पाच-सहा तासांनीसुद्धा त्यातलं साधारण अर्धं शरीरात असतं, म्हणून दुपारनंतर ते नको. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतलं घड्याळ, जे मुख्यतः डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर चालतं, सकाळच्या उजेडाने ते जुळतं आणि अंधार पडू लागला की मेलाटोनिन, रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, वाढायला लागतं. स्विस संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये या दोन प्रक्रियांचं मॉडेल मांडलं आणि झोपेचा विचार आजही बराचसा त्याच्यावरच उभा आहे. आता तुमचा दिवस यात घालून बघा. पहाटे चारला अलार्म, मग बसल्या बसल्या डुलक्या, रात्री दहाला आडवं, तेव्हा घड्याळ म्हणतंय अजून वेळ आहे, मग अडीच तास जागरण. अशा अडीच तासांच्या दोनेक वर्षांत अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा अशी गाठ पक्की बसते.

ती गाठ सोडवायची पद्धत साधी आहे, पहिल्या आठवड्यात त्रासदायक आहे, पण काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी ती १९७२ मध्ये मांडली, आज अनिद्रेसाठीच्या सीबीटीचा (म्हणजे विचार आणि सवयी बदलायच्या, बिनगोळीच्या उपचाराचा) ती मुख्य भाग आहे, आणि जुनाट अनिद्रेत प्रौढांना आधी ही सीबीटीच द्यावी अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केलीय. तुमच्यापुरतं सांगायचं तर असं. उठायची वेळ सकाळी साडेसहा, रोज, रविवारीसुद्धा, रात्र कशीही गेली तरी. चारचा अलार्म काढून टाका. रात्री पावणेबाराच्या आधी अंथरुणावर जायचं नाही, आणि तेव्हाही डोळे जड झाले असतील तरच. थकवा आणि झोप यात फरक आहे बरं का, थकलेला माणूस तासन् तास जागा राहू शकतो, झोप आलेल्याची पापणी खाली येते, वाचलेली ओळ परत वाचावी लागते. पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, (अंदाजे, घड्याळ बघून नाही), तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात खुर्चीत बसायचं, काहीतरी साधं वाचायचं, पापण्या जड झाल्या की परत यायचं. रात्रीतून चार वेळा उठावं लागलं तरी चार वेळा. उठल्यावर सकाळी पंधरा-वीस मिनिटं बाहेर उघड्यावर चाला, ढगाळ असलं तरी. झोप भरायला लागली, संध्याकाळीच पेंग यायला लागली, की झोपायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा, प्रौढ माणसाला सात तास तरी लागतात, तिथपर्यंत पोचायचंय. सुरुवातीचे काही दिवस दिवसा झोप जास्त येईल, तेव्हा गाडी चालवताना जपा, डुलकी येत असेल तर चालवूच नका. फिट्स येत असतील किंवा मूड एकदम वर-खाली जाण्याचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

मनगटावरचं घड्याळ रात्री काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. त्या स्कोअरमुळेच झोप उडण्याला आता नावसुद्धा आहे, ऑर्थोसोम्निया, २०१७ मध्ये काही संशोधकांनी ते वापरलं, ट्रॅकरचे आकडे सुधारायच्या नादात झोप बिघडलेले पेशंट बघून. मनगटावरचं यंत्र हालचालीवरून आणि नाडीवरून अंदाज बांधतं, मेंदूच्या लहरी ते मोजत नाही. सकाळी उठून आधी आकडा बघायचा आणि मग ठरवायचं की मला बरं वाटतंय की नाही, हे फार वाईट आहे, मला याचा मनापासून राग येतो. माणूस स्वतःला विचारायचंच विसरतो.

योगनिद्रेचं. नाही, एक तासात चार तासांची झोप होत नाही. आज जी योगनिद्रा शिकवली जाते ती बहुतेक स्वामी सत्यानंद सरस्वतींनी गेल्या शतकात न्यासाच्या जुन्या पद्धतीवरून बसवलेली, शरीराच्या एकेका भागावर मन फिरवत नेणारी. छान आहे, मी रोज शिकवते, दुपारी वीस मिनिटं केलीत तर उरलेला दिवस सुसह्य होईल. पण झोपेची कामं झोपच करते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते, साधारण दीड-दीड तासाची चक्रं असतात. तुमचा चारचा अलार्म नेमका तो पहाटेचा हिस्सा कापतो. स्वप्नांच्या झोपेचा भावनांशी जवळचा संबंध आहे, आणि झोप अपुरी असली की माणूस लहानसहान गोष्टीवर भडकतो हे तर घराघरात दिसतं. मुलीवर ओरडलात ते याचंच असण्याची शक्यता खूप आहे. तिला जवळ घेऊन सांगा की बाबाची झोप होत नाहीये, चूक बाबाची होती. मुलांना ते कळतं, आणि तुमच्या रात्रीचं एक ओझंही कमी होईल.

मग ध्यान करायचं की नाही? करा ना, नक्की करा, पण ते अंथरुणापासून लांब न्या. सकाळी फिरून आल्यावर किंवा संध्याकाळी काम संपल्यावर, खुर्चीत किंवा जमिनीवर, पाठ सरळ, पंधरा मिनिटं, इयरफोनशिवाय. श्वास जसा येतोय तसा येऊ द्यायचा, नाकपुडीशी गार आत जातो, कोमट बाहेर येतो, तिथे लक्ष. मन गेलं की गेलं हे कळणं आणि परत येणं, एवढंच. शंभर वेळा गेलं तर शंभर वेळा परत या, ते परत येणंच ध्यान आहे. पॉवरफुल ध्यान असं काही नसतं, निदान मला पंधरा-सोळा वर्षांत सापडलेलं नाही. डोळे मिटून बसल्यावर छाती धडधडायला लागली, जुनं काही फार जोरात वर आलं, तर डोळे उघडा, पाय जमिनीला टेकलेत ते बघा, उठून चाला, आणि असं वारंवार होत असेल तर एकट्याने रेटू नका, समुपदेशकाकडे जा.

रात्रीसाठी फक्त श्वास. झोपायच्या तासभर आधी दिवे मंद करा, खुर्चीत बसून चार मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतात, पाच-सात मिनिटं पुरे. श्वास घेताना हृदयाची गती थोडी वाढते आणि सोडताना कमी होते, मनगटावर दोन बोटं ठेवून बसलात तर काहींना हा फरक बोटांखाली कळतो. लांब उच्छ्वासाने त्या उतरत्या बाजूला जास्त वेळ मिळतो. श्वास कोंडून धरायचा नाही, गुदमरल्यासारखं वाटलं तर तीन-चार असं कमी करा. भ्रामरी येत असेल तर पाच-सहा आवर्तनं करा, गुंजन बारीक ठेवा. आणि हे संपलं की संपलं, याने झोप आली का हे तपासायचं नाही. दिवस मिटवायची ही कृती आहे, दार लावून घेतल्यासारखी, पुढचं तुमच्याकडे नाही.

घरच्यांना एक विचारून घ्या. तुम्ही जोरात घोरता का, झोपेत मध्येच श्वास थांबून धडपडून परत सुरू होतो का? सकाळी डोकं दुखतं का, संध्याकाळी-रात्री पायांत न सांगता येणारी वळवळ होऊन पाय हलवावेच लागतात का? यातलं काही असेल तर हे सगळं श्वासाचं-ध्यानाचं बाजूला ठेवून आधी तपासणी, स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, ध्यानाने जात नाही आणि तो अंगावर काढू नये. तसंच मन सतत उदास आहे, कशातच रस नाही असं आठवडेच्या आठवडे असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, झोपेबरोबर ते बऱ्याचदा असतं आणि माणूस फक्त झोपेचंच बोलतो.

शेवटचा प्रश्न, दिवस चुकला तर. नाही, पहिल्यापासून काही सुरू करायचं नसतं. २४१ हा आकडा ॲपचा आहे. खरं तर मी सांगेन की उद्या मुद्दाम चुकवा, २४२ होऊच देऊ नका, आणि त्या सकाळी चारला नाही, साडेसहाला उठा, झोप लागली तरी आणि नाही लागली तरी.

गोळीबद्दल डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. चार आठवड्यांनी मला परत लिहा, आणि त्या पत्रात किती तास झोपलात ते लिहू नका, रोज किती वाजता उठलात आणि मुलीशी कसं चाललंय, एवढंच लिहा.